ऐकायचे ग्रंथ आणि वाचणारा आवाज

भ्रमणध्वनीवर पुस्तके ऐकण्याची सोय झाल्यापासून आपल्या कुटुंबांत एक प्रश्न वारंवार निघतो. ऐकलेले पुस्तक हे वाचलेले पुस्तक मानायचे काय? पालकांना वाटते, ही मुलांसाठी आळसाची पळवाट आहे. वडीलधाऱ्यांना वाटते, डोळे अधू झाल्यावर एवढा तरी आधार मिळाला. ग्रंथप्रेमी म्हणतात, छापील पानाची सर ह्याला यायची नाही. ह्या तिन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे : ऐकायचा ग्रंथ ही कालपरवाची वस्तू आहे. ती समजूत खरी नाही, हे आम्ही येथे दाखवू इच्छितो. आपल्या भाषेत, आणि विशेषतः आपल्या ख्रिस्ती समाजात, ग्रंथ आधी कानांसाठी आला. तो टिकला तोही बऱ्याच अंशी वाचणाऱ्याच्या आवाजामुळे. म्हणून आज एखादे बोलके पुस्तक निवडताना ते कोणी लिहिले एवढे विचारून भागत नाही. ते कोण वाचत आहे, हेही विचारावे लागते.

ह्या विचारासाठी आम्ही मुद्दाम जालना जिल्ह्यातील अंकुशनगर डोळ्यांसमोर ठेवतो. अंबड तालुक्यातील हे ठिकाण साखर कारखान्यामुळे ओळखले जाते आणि त्या सहकारी कारखान्याचे नाव आहे ‘समर्थ’. हे नाव ऐकताच शेजारच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे गाव आठवते. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म तेथे झाला. त्यांच्या ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण आहे आणि त्यात पहिला मान श्रवणाला दिलेला आहे. परंपरा असे सांगते की शिवथरच्या घळीत समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले. ‘ज्ञानेश्वरी’विषयीही असेच सांगतात. नेवासे येथे ज्ञानदेवांनी निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. पुढे १५८४ मध्ये पैठणच्या एकनाथांनी त्या ग्रंथाचा पाठ शुद्ध केला, तोवर तो अनेक मुखांतून आणि अनेक हातांतून गेलेला होता. गोदावरीच्या ह्या खोऱ्यात ग्रंथ म्हणजे आधी बोलणे, मग लिहिणे आणि मग पुन्हा बोलणे, असाच क्रम होता. एक जण पोथी लावी आणि बाकीचे सारे ऐकत. ऐकणाऱ्यांपैकी कितीकांना अक्षरओळख नसे. पण त्यांना कोणी ग्रंथाबाहेरचे मानले नाही.

समर्थांचा जन्म जांबला झाला त्याच सुमारास, तेथून दूर गोव्याच्या साष्टी प्रांतात, एक इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू मराठी ओव्या रचत होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. दोन भाग, पंच्याण्णव अवस्वरू म्हणजे अध्याय, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या असा त्याचा विस्तार आहे. ते छापले रोमन लिपीत, पण त्याची भाषा मराठी आणि त्याचा छंद आपल्या संतांचा. ग्रंथाच्या आरंभीच त्याचे कारण दिलेले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी कान लावून ऐकावे असे काही त्यांच्यापाशी उरले नव्हते. धर्मशिक्षणाच्या वेळी त्यांच्यापैकी एकाने ही उणीव बोलून दाखवली आणि त्या मागणीतून हे पुराण जन्मले. म्हणजे आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचा हा पहिला महाग्रंथ एका श्रोत्याच्या मागणीवरून लिहिला गेला. रविवारी आणि सणाच्या दिवशी तो चर्चमध्ये मोठ्याने म्हटला जाई. ओवी सहज पाठ होते, म्हणून तो घरोघरीही गेला.

पुढे ह्या ग्रंथाचे जे झाले ते आजच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. १६१६ नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे ठरवले. देशी भाषेतील ग्रंथांना गोव्यात ओहोटी लागली. असे असता ग्रंथ वाचला तो कशामुळे? ज्यांना तो हवा होता त्यांनी त्याच्या हस्तलिखित प्रती केल्या आणि त्या प्रतींवरून तो म्हणत राहिले. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याचे गायन दीर्घकाळ चालू होते. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये ह्या लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले, तेव्हा ह्याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे त्यांची परंपरा सांगते. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा छापले ते तेथे जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडन संग्रहात होते, ते डॉ. जस्टिन ॲबट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उजेडात आणले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती आली आणि २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांची. आज हा ग्रंथ आपल्या कपाटात आहे. पण तो तेथवर पोहोचला त्या वाटेवर कित्येक अनाम वाचकांचे आवाज उभे आहेत. छापखान्याने जे राखले नाही ते हाताने लिहिणाऱ्यांनी आणि मोठ्याने वाचणाऱ्यांनी राखले.

असा वाचणारा ख्रिस्तसभेला नवा नाही. जुन्या करारात नहेम्याच्या पुस्तकात एज्रा शास्त्री जमलेल्या स्त्रीपुरुषांपुढे नियमशास्त्र सकाळपासून मध्यान्हापर्यंत वाचतो आणि लेवी लोकांना त्याचा अर्थ समजावून देतात. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचत असतो आणि ते फिलिपाला ऐकू जाते. म्हणजे तो एकटा असतानाही मोठ्यानेच वाचत होता. मनातल्या मनात वाचणे त्या काळी इतके विरळ होते की मिलानचे महागुरू संत ॲम्ब्रोज ओठ न हलवता वाचतात, ह्याची संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात खास नोंद केली. संत पौलाने तर श्रद्धेचा उगमच श्रवणात सांगितला आहे.

संत बेनेडिक्टच्या मठनियमात अडतिसावे प्रकरण जेवणाच्या वेळी वाचणाऱ्या बंधूविषयी आहे. जो कोणी पुस्तक उचलील त्याने वाचू नये. ऐकणाऱ्यांचे ज्याच्या वाचनाने कल्याण होईल त्यानेच वाचावे, असा त्याचा आशय आहे. बोलक्या पुस्तकाचा अभिवाचक कसा निवडावा, ह्याविषयी सुमारे पंधरा शतकांपूर्वी दिलेला हा निकष आजही पुरेसा आहे. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी वाचकाची सेवा प्रापंचिकांसाठी खुली केली. २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी ती रीतसर स्त्रियांनाही दिली. रविवारच्या मिस्सेत वाचनपीठावर उभी राहणारी आपली मुलगी त्या जुन्या मालिकेतलीच एक आहे.

आता यंत्राकडे वळू. १८७७ मध्ये एडिसनने आवाज साठवणारे यंत्र केले. त्याचे उपयोग सांगताना अंधांसाठी बोलकी पुस्तके हा उपयोग त्याने आरंभीच्याच काही उपयोगांत सांगितला. पण एका तबकडीवर काही मिनिटांचाच मजकूर मावे, त्यामुळे संपूर्ण पुस्तक ध्वनिमुद्रित होण्यास अर्धे शतक जावे लागले. अमेरिकेत १९३४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १९३५ मध्ये अंधांसाठी अशा तबकड्या निघू लागल्या. अमेरिकेतील पहिल्या संचांत पवित्र शास्त्रातील भाग होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची सोय हाही ह्या प्रयत्नांमागचा एक हेतू होता. म्हणजे बोलक्या पुस्तकाचा जन्म चैनीसाठी झालेला नाही. ज्यांच्यापाशी ग्रंथ पोहोचत नव्हता त्यांच्यापाशी तो नेण्यासाठी ते निघाले. आपल्याकडे १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाने हेच काम हाती घेतले. छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांसाठी श्राव्य प्रत काढण्यास स्वामित्वहक्काचा अडसर नसावा, अशी तरतूद भारताने २०१२ मध्ये कायद्यात केली. ह्याच हेतूने २०१३ मध्ये झालेल्या माराकेश करारास २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता.

मराठी माणसाच्या कानाला यंत्रातल्या शब्दाची गोडी लावली ती मात्र आकाशवाणीने. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि त्यातील छप्पन्न गीते आठवड्याला एक ह्याप्रमाणे घराघरांत पोहोचली. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव कथाकथन करीत हिंडले. पु. ल. देशपांडे यांनी ‘व्यक्ती आणि वल्ली’तील आपली माणसे स्वतः वाचून दाखवली आणि ध्वनिफितींवरून ती हजारो घरांत गेली. अंतू बर्वा ज्यांनी आधी ऐकला त्यांना तो पुस्तकात वाचतानाही पु. लं.चाच आवाज ऐकू येतो. त्या पिढीने कोणाकडेही ऑडिओबुक मागितले नव्हते. तरीही तिला ते मिळाले होते.

ह्या इतिहासाला एक दुसरी बाजूही आहे आणि ती अंकुशनगरच्या फार जवळची आहे. आपल्या भाषेतले पुष्कळसे वाङ्मय कधी कागदावर आलेच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने आणि आप्ताने टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ती महाराष्ट्रापुढे आली. अशा न टिपलेल्या बहिणाबाई किती होऊन गेल्या असतील! पुण्यात हेमा राईरकर आणि फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइटवाँ यांनी हा प्रश्न मनाला लावून घेतला. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले आणि एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. अंकुशनगरहून गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. तेथील माजलगावच्या भीमनगरातील दलित स्त्रियांच्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. त्या ओव्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत, लेकीबाळी आहेत, कष्ट आहेत. २०१७ पासून हा सारा ठेवा ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहात टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागला आणि कोणालाही तो मोबदला न देता ऐकता येतो. गावात पिठाची गिरणी आली, जाते थांबले आणि त्याबरोबर गाणेही थांबत गेले. ते आवाज वेळेवर टिपले गेले नसते, तर त्यांच्यासाठी कोणतेही लंडन किंवा मंगळूर धावून आले नसते. ऐकण्याच्या पुस्तकांची यादी कोणी आम्हांस मागितली, तर तिच्या शिरोभागी आम्ही ह्या ओव्या ठेवू. येथे लेखिका आणि अभिवाचिका एकच आहे आणि तिच्या उच्चारात मराठवाड्याची माती आहे.

स्टॉकहोमची ‘स्टोरीटेल’ ही कंपनी २०१७ च्या नोव्हेंबरात भारतात आली आणि आरंभीपासूनच तिने मराठीला स्थान दिले. त्यानंतर मराठी श्राव्य पुस्तकांचा ओघ वाढला. रंगभूमीवरचे नट आणि आकाशवाणीचे निवेदक ह्या कामाकडे वळले. निवड करावयास वाव मिळाला आणि म्हणूनच निवडीचा विवेकही आवश्यक झाला. अभिवाचकाची पारख कशी करावी, ह्याविषयी आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट उच्चाराची. मराठीत ‘जग’ हा शब्द दोन प्रकारे म्हणता येतो. एकाचा अर्थ विश्व आणि दुसऱ्याचा अर्थ जिवंत राहा. लिपीत हा भेद दिसत नाही, तो वाचणाऱ्याच्या जिभेला ठाऊक असावा लागतो. अलीकडे यंत्रानेच तयार केलेल्या आवाजात पुस्तके निघू लागली आहेत. त्यांची परीक्षा घ्यावयाची तर असे शब्द ऐकून पाहावेत. दुसरी गोष्ट संयमाची. लेखकाने जेथे डोळ्यांत पाणी आणलेले नाही तेथे वाचकाने आपला गळा दाटून आणू नये. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ ह्या काळात प्रसिद्ध झाली. मोठमोठी दुःखे त्यांनी ज्या हसऱ्या, सरळ बोलीत सांगितली, ती बोली रडव्या सुरात वाचली तर पुस्तकाचा प्राणच जातो. विजया मेहता यांनी दूरचित्रवाणीसाठी ह्या पुस्तकावर चित्रपट केला आणि सुहास जोशी यांनी त्याचा एकपात्री प्रयोग रंगमंचावर आणला. हे पुस्तक मुळात बोलण्याचे आहे, ह्याची ती साक्ष आहे. तिसरी गोष्ट थांबण्याची. दोन वाक्यांमधली शांतता हीही ग्रंथाचा भाग असते. वेळ वाचवण्यासाठी दीडपट वेगाने ऐकणाऱ्यांच्या पदरात कथानक पडते, ग्रंथ पडत नाही.

ह्या कसोट्या लावून कुटुंबात एकत्र ऐकण्यास योग्य अशी काही नावे सांगावयाची तर ‘स्मृतिचित्रे’च्या जोडीला आम्ही साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ठेवतो. गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली, पण तिची मांडणी एकेका रात्री सांगितलेल्या आठवणींची आहे. एका बैठकीला एक रात्र, अशीच ती ऐकावी. पु. लं.चे स्वतःच्या आवाजातील कथन विनोदासाठी तर आहेच, पण विराम कोठे घ्यावा हे शिकण्यासाठीही आहे. पवित्र शास्त्राच्या बाबतीत, १९७२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फेथ कम्स बाय हिअरिंग’ ह्या संस्थेने मराठी नवा करार श्राव्य रूपात उपलब्ध केला आहे आणि तो विनामूल्य आहे. ज्यांना घरातल्याच कोणी वाचावे असे वाटते त्यांच्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. २०१० मध्ये निघालेल्या आणि साहित्य अकादमीने गौरवलेल्या ह्या ग्रंथाची भाषा मोठ्याने वाचताना कोठे अडखळत नाही. आणि ‘ख्रिस्तपुराण’? ते तर आपण स्वतःच म्हणून पाहावे. ओवीची चाल आपल्या आजीच्या गळ्यात होती. ती शोधून काढणे अवघड नाही.

अखेरीस पुन्हा अंकुशनगरकडे येऊ. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पहाटे फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री कोपीवर परतायचे, असा दिवस जातो. आईबापांबरोबर आलेल्या मुलांची शाळा सहा-सहा महिने सुटते. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्यातील स्त्रियांची साक्षरता सुमारे एकसष्ट टक्के होती. म्हणजे दर दहांपैकी जवळजवळ चौघींना लिहितावाचता येत नव्हते. छापील पुस्तक ह्या माणसांपाशी जात नाही. भ्रमणध्वनी मात्र आज कित्येक कोप्यांवर पोहोचला आहे आणि त्यात गाणी वाजतच असतात. त्याच यंत्रात शुभवर्तमान, ‘श्यामची आई’ किंवा माजलगावच्या ओव्या भरून देणे हे फार खर्चाचे काम नाही. जालना जिल्हा ज्यात येतो तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. त्यातील आणि इतरत्रच्या धर्मग्रामांतील युवक-युवतींनी हे काम हाती घ्यावे, असे आम्हांस मनापासून वाटते. मुलांची शाळा बुडू नये हा त्यांचा हक्क आहेच आणि त्याची भरपाई कोणतीही ध्वनिफीत करू शकत नाही. पण शाळेची वाट पाहत असताना त्या मुलाच्या कानांवर चांगली मराठी पडावी, एवढे तरी आपण करू शकतो.

दुसरे काम त्याहून सोपे आहे आणि त्याला उशीर करून चालणार नाही. आपल्या धर्मग्रामांत जुनी भक्तिगीते, उपवासकाळातील गाणी, लग्नातल्या ओव्या आणि प्रार्थनांचे जुने पाठ तोंडपाठ असलेली वृद्ध माणसे अजून आहेत. एखाद्या रविवारी दुपारी त्यांच्याजवळ बसावे, त्यांची अनुमती घेऊन त्यांचा आवाज मुद्रित करावा, गाव, नाव आणि तारीख नोंदवावी आणि त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. कंपन्या येतात आणि जातात. ध्वनिफितींचे दिवस संपले तसे आजच्या साधनांचेही संपतील. तीन वेळा छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’ची एकही मूळ प्रत राहिली नाही, पण ज्या घरांत ते म्हटले जात होते तेथे ते राहिले. आपल्या घरांत आज काय म्हटले जाते आणि ते कोण ऐकते, ह्यावर पुढच्यांना काय मिळणार हे ठरणार आहे.